दारावर लावलेली यादी

आदरणीय श्री. नॉर्मन ऑल्डरशॉ यांची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी मला मैदानावरून हाकललं तेव्हा. लायडनला येऊन मला जेमतेम सहा आठवडे झाले होते. नवरा, म्हणजे समीर, सकाळी स्लोटरडाइकच्या ऑफिसला जायचा आणि मी दोन वर्षांच्या इराला बाबागाडीत घालून गावभर भटकायचे, कारण घरात बसलं की रडू यायचं. अशाच एका फेरीत कालव्यापलीकडच्या फुटबॉल क्लबच्या गवतावर मी गाडी घातली. "मॅडम, आपण माझ्या रेषेवर उभ्या आहात," असा आवाज आला. वळून पाहिलं तर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक बारीक, ताठ गृहस्थ. हातात मैदानावर पांढऱ्या रेषा आखायचं यंत्र. त्यांच्या ओल्या रेषेवरून माझी गाडी गेली होती आणि चाकांचे दोन पांढरे पट्टे थेट गोलपोस्टपर्यंत उमटले होते.

मी भेदरून सॉरी सॉरी करत राहिले. त्यांनी खिशातून एक फडकं काढून दिलं आणि म्हणाले, "आधी चाकं पुसा, नाहीतर घरभर रंग होईल. उद्या या. पण कडेने या." नेदरलँड्समध्ये मला "उद्या या" म्हणणारा तो पहिला माणूस. बाकी सगळे अपॉइंटमेंट घ्या म्हणत होते.

आपल्या मराठी मंडळाने त्यांच्या नव्वदीनिमित्त हा गौरव अंक काढायचं ठरवलं आणि माझ्याकडे लेख मागितला. आजोबांचं कार्य, त्यांची मूल्यं, त्यांचा स्नेह, प्रत्येकाला एखादी आठवण, असा आराखडाही पाठवला. सोबत निरोप होता, "मृणाल, जरा गोड लिही, प्रसंग चांगला आहे." आराखडा मी पाळणार आहे. गोडाचं काही सांगता येत नाही.

आधी कार्य. नव्या पालकांपैकी बऱ्याच जणांना वाटतं की नॉर्मनआजोबा म्हणजे क्लबमध्ये रेषा आखणारे म्हातारे गृहस्थ. त्यांच्या माहितीसाठी सांगते, आजोबा इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलपटू होते. टीव्हीवर दिसतात तसे नव्हे. तिथल्या लीगच्या तळाच्या विभागात, उत्तरेकडच्या एका गिरणीच्या गावात, मधल्या फळीत डावीकडे खेळणारे. पंधराव्या वर्षी क्लबात लागले ते मैदानावरचं पोऱ्याचं काम करायला. स्टँड झाडायचे, बाकं रंगवायची, मोठ्या खेळाडूंचे बूट घासायचे. मधे दोन वर्षं सक्तीची लष्करी नोकरी झाली. परत येऊन पहिल्या संघात शिरले आणि नऊ हंगाम खेळले. तेव्हाचा चेंडू चामड्याचा, पावसात भिजला की वरवंट्याएवढा जड व्हायचा. डोक्याने मारला की शिवणीची खूण कपाळावर उठायची. दुखापत झाली की बादलीतल्या गार पाण्याचा स्पंज फिरवायचे आणि पुन्हा उभं करायचे. एका गुडघ्यातली कूर्चा काढलेली असताना ते पुढे तीन हंगाम खेळले. आजोबांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सामना म्हणजे करंडकात एका बड्या क्लबशी पडलेली गाठ. बड्या क्लबच्या नावाजलेल्या फॉरवर्डला त्यांनी सत्तर मिनिटं हलू दिलं नाही. शेवटी संघ हरलाच. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्यांचं नाव छापून आलं, ते दुसऱ्याच खेळाडूच्या फोटोखाली. ते कात्रण त्यांच्याकडे अजून आहे. कोणी विचारलं तर ते फोटोतल्या माणसाकडे बोट दाखवून म्हणतात, "मी बराच देखणा होतो."

आता या कारकिर्दीचा शेवट कसा झाला ते सांगते. हे मला त्यांनी एका शनिवारी क्लबच्या कँटीनमध्ये सांगितलं, आणि या लेखात पुढे जे यायचं आहे ते यावरच उभं आहे, म्हणून नीट वाचावं ही विनंती.

त्या काळी तिथे प्रत्येक हंगाम संपला की मे महिन्यात क्लब एक यादी काढायचा. पुढच्या वर्षी कोणाकोणाला ठेवून घेतलंय त्यांची. टाइप केलेला कागद, नावं अक्षरांच्या क्रमाने, खोलीच्या दारावर चार पिनांनी लावलेला. यादीत नाव असलं तर तुम्ही खेळाडू. नसलं तर नाही. त्या वर्षी आजोबा एकोणतीस वर्षांचे होते. सकाळी आले, यादीवरून बोट फिरवलं. नाव सापडलं नाही. वाटलं, क्रम चुकला असेल. पुन्हा वरपासून बोट फिरवलं. मग आत कपडे अडकवायच्या खुंट्या होत्या तिकडे पाहिलं, तर त्यांच्या खुंटीवरची नावाची पट्टी आधीच काढलेली.

"आणि मॅनेजर?" मी विचारलं होतं.

"शेजारच्या खोलीत होता. दार बंद होतं, पण पाइपच्या तंबाखूचा वास येत होता. मी पाच मिनिटं उभा राहिलो. वाटलं, बाहेर येईल. नऊ वर्षं बघितलं होतं त्याने मला. 'नॉर्मन, तुझा गुडघा गेला' एवढं म्हटला असता तरी मी हात मिळवून गेलो असतो."

मॅनेजर बाहेर आला नाही. पुढे लष्करातल्या एका मित्राच्या ओळखीने हॉलंडमधल्या हौशी क्लबला इंग्लिश प्रशिक्षक हवा असल्याचं कळलं, आणि आजोबा बोटीने इकडे आले ते सहा महिन्यांसाठी. कँटीन चालवणाऱ्या रिआ नावाच्या मुलीने सहा महिन्यांची साठ वर्षं केली. रिआआजींना जाऊन आता सहा वर्षं झाली. आपल्यापैकी ज्यांनी त्यांच्या हातचं वाटाण्याचं सूप प्यायलं आहे त्यांना त्या आठवत असतील.

मूल्यं म्हणजे काय, हे मला त्या यादीच्या गोष्टीनंतर कळलं. आपल्या मंडळाच्या मुलांना आजोबांनी क्लबच्या मैदानावर नऊ वर्षं फुटबॉल शिकवला. गुरुवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी, थंडी असो, पाऊस असो. जून महिन्यात वेगवेगळ्या शहरांतल्या मराठी मुलांच्या स्पर्धा व्हायच्या. आइंडहोव्हनची मुलं यायची, अगदी ग्रोनिंगनहून तीन तास प्रवास करून यायची. आपल्याकडे खेळणारी मुलं वीस आणि संघात जागा अकरा. स्पर्धेच्या आधीच्या गुरुवारी आजोबा सराव अर्ध्यावर थांबवायचे. ज्या मुलाला वगळायचं त्याला एकट्याला कॉर्नरच्या झेंड्यापाशी न्यायचे. दुखऱ्या गुडघ्यावर हात टेकून त्याच्या डोळ्यांच्या उंचीला यायचे आणि कारण सांगायचे. तू पास चांगला देतोस पण मागे पळत येत नाहीस. तू शूर आहेस, पण तुझ्या डाव्या पायाला अजून वर्ष लागेल. मग त्या मुलाला प्रश्न विचारू द्यायचे. नऊ मुलांना नऊ वेळा. पाऊण तास जायचा.

बाहेर गाड्यांत बसलेले पालक वैतागायचे. "अरे, ग्रुपवर टीम टाका ना, विषय संपला," असं मी स्वतः दोनदा म्हटलेलं आहे. एकदा मी क्लबच्या दारावर संघ लावायचा का, असं विचारलं. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नावं दारावर लावायची नसतात. ज्याला 'नाही' सांगायचं, त्याच्यासमोर उभं राहायचं. तेवढं जमत नसेल तर ट्रेनर होऊ नये." नऊ वर्षांत आपल्या संघाची यादी एकदाही कुठे लागली नाही. आणि त्या नऊ वर्षांत वगळलं म्हणून खेळ सोडून गेलेलं एकही मूल मला आठवत नाही. पालक मात्र रुसलेले बरेच आठवतात.

स्नेहाबद्दल लिहायचं तर मला माझ्यापासूनच सुरुवात करावी लागेल. मी इथे आले तेव्हा बी. फार्म. होऊन चार वर्षं नोकरी केलेली, आणि इथल्या कागदांवर मात्र नवऱ्याच्या नावाला चिकटलेली कोणीतरी. डच येत नव्हतं. आजोबा म्हणाले, वर्गाला जाऊन भाषा येत नाही, शनिवारी कँटीनच्या काउंटरमागे उभ्या राहा. कॉफीच्या मशिनवर मला त्यांनीच उभं केलं. पहिले दोन महिने लोक काय मागतात ते कळायचं नाही, मी सगळ्यांनाच दुधाची कॉफी द्यायचे, आणि डच लोक शिस्तीचे असल्यामुळे पीतही असत. वर्षभरात मी बोलायला लागले. आज सायन्स पार्कमधल्या कंपनीत मी क्वालिटीची कागदपत्रं बघते, त्या मुलाखतीत डच कुठे शिकलात असं विचारल्यावर मी "फुटबॉल क्लबमध्ये" असं सांगितलं होतं.

दुसरी आठवण. बाबा पुण्यात गेले तेव्हा माझं रेसिडेन्स कार्ड नूतनीकरणाला गेलेलं होतं. मला वेळेवर निघता आलं नाही. अंत्यसंस्कार मी फोनवर पाहिले. लोक भेटायला आले, रडले, मला रडायला लावून गेले. आजोबा आले आणि म्हणाले, "चला, मैदान आखायचंय." मला त्यांनी यंत्र हातात दिलं, दोरी ताणून दिली आणि स्वतः लांब जाऊन बाकावर बसले. मी रडत रडत रेषा आखत होते. पहिली नागमोडी आली. त्यांनी हात वर करून खूण केली, पुन्हा. दुसरीही बिघडली. तिसरी सरळ आली तेव्हा उठले, थर्मासमधला चहा दिला आणि म्हणाले, "आता घरी जा." एवढंच. बाबांसाठी मी त्या दिवशी काहीतरी नीट केलं असं मला वाटलं, आणि ते वाटणं मला त्यांनी मिळवून दिलं होतं.

इथपर्यंत आराखडा पाळला. आता आराखड्यात नसलेला भाग.

दोन वर्षांपूर्वी, जूनच्या स्पर्धेआधी, आजोबांनी माझ्या इराला वगळलं. बारा वर्षांची होती. कॉर्नरच्या झेंड्यापाशी नेऊन, गुडघ्यावर हात टेकून तिला सांगितलं की तू वळायला वेळ लावतेस. इरा गाडीत येऊन बसली आणि मोबाइल उघडला. मीच चिडले. "काय म्हणाले?"

"आई, ही टोल्ड मी हिमसेल्फ. आय ॲम स्लो. इट्स ओके."

तिला ओके होतं. मला नव्हतं. ज्या माणसाने मला या देशात उभं केलं त्यानेच माझ्या मुलीला बसवलं, असा हिशेब माझ्या डोक्यात शिजत राहिला. त्याच गुरुवारी त्यांनी आपले अध्यक्ष सुहासदादा यांच्या मुलालाही वगळलं होतं. सुहासदादा उघड बोलले नाहीत. मीही बोलले नाही. आपण सुसंस्कृत माणसं.

ऑगस्टमध्ये सुहासदादांच्या घरी समितीची बैठक झाली. मी समितीची सचिव. चहा, बाकरवडी, आणि विषयपत्रिकेवर तिसरा मुद्दा, नवीन ट्रेनर. आमचा क्रीडाप्रमुख मंदार एका तरुण मुलाचं नाव घेऊन आला होता.

"लायसन्स्ड आहे, यंग आहे. त्याचं स्वतःचं ॲप आहे, पेरेंट्सना किडचा प्रोग्रेस घरबसल्या दिसतो," मंदार म्हणाला.

"मग आजोबा?" कोणीतरी विचारलं. मी नव्हते विचारणारी.

"अरे, एटी-एट आहेत ते. उद्या ग्राउंडवर काही झालं तर लायबिलिटी कोणाची? मंडळाचीच ना?"

"बरोबर आहे. पण त्यांना सांगणार कोण?"

बाकरवडी चावल्याचा आवाज तेवढा येत होता. मग सुहासदादा म्हणाले, "एवढ्या मोठ्या माणसाला तोंडावर कसं सांगायचं? बरं दिसत नाही. आपल्याला रिस्पेक्ट आहे त्यांच्याबद्दल. नव्या सीझनचं टाइमटेबल लागेल, त्यात कळेलच की. समजूतदार आहेत ते."

सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं, हे लिहायलाच हवं. मोठ्यांच्या तोंडावर बोलू नये हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, आणि ते शिक्षण अशा वेळी किती कामाला येतं! मान राखायचा म्हणून आम्ही सहा जणांनी एका माणसाला न सांगता काढून टाकलं. भांडून काढलं असतं तर निदान त्यांना उत्तर देता आलं असतं. आम्ही मान दिला. मानाला काय उत्तर देणार?

टाइमटेबल मी टाइप केलं. वार, वेळ, गट, ट्रेनर. ट्रेनरच्या रकान्यात नवं नाव. खाली मदतनीस पालकांची यादी, अक्षरांच्या क्रमाने, म्हणजे शोधायला सोपी. यादीची गोष्ट आजोबांनी ज्या बाईला विश्वासाने सांगितली होती, त्याच बाईने ती यादी छापली आणि क्लबच्या कँटीनच्या काचेच्या दारावर चिकटपट्टीने लावली. मला त्या वेळी ती गोष्ट आठवली नाही असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. चिकटपट्टी तोडताना आठवली होती. दुसरं कोणीतरी त्यांना फोन करेल, मंदार करेल, सुहासदादा करतील, असं म्हणून मी चौथा तुकडाही लावला.

शनिवारी सकाळी साडेआठला आजोबा नेहमीप्रमाणे आले. तीन चाकी सायकल, मागे जाळीत चेंडू. मी आत कॉफीचं मशिन भरत होते. दारावरचा कागद मला मागून दिसत होता आणि कागदाच्या वर त्यांची लोकरीची टोपी. टोपी थांबली. चष्मा काढायला हात खिशात गेलेला दिसला. मग कागदावर पलीकडून बोट फिरायला लागलं, सकाळच्या उजेडात त्याची सावली मला इकडून दिसत होती. वरपासून खालपर्यंत. थांबलं. पुन्हा वर गेलं आणि पुन्हा खालपर्यंत आलं.

ते तिथे किती वेळ उभे होते ते मी सांगू शकत नाही. माझ्यापासून दारापर्यंत चार पावलं होती. दार आतून ढकललं की उघडतं. मी कॉफीचे दाणे ओतत राहिले, मशिन भरून खाली सांडायला लागलं तरी ओतत राहिले. मग टोपी गेली. मी बाहेर आले तेव्हा चेंडूंची जाळी दाराच्या मुठीला अडकवलेली होती. प्रत्येक चेंडूत हवा नीट भरलेली होती.

त्या दिवशी मैदानावर रेषा नव्हत्या. नव्या ट्रेनरने प्लास्टिकचे नारिंगी शंकू मांडले. मुलांनी आजोबा कुठे आहेत असं विचारलं आणि मंदारने सांगितलं, "ही इज टेकिंग रेस्ट." नवा ट्रेनर वर्षभरात दुसऱ्या क्लबला गेला. त्याचं ॲप अजून माझ्या फोनमध्ये आहे, इराचा प्रोग्रेस दाखवतं. इराने फुटबॉल केव्हाच सोडला.

दोन वर्षं आम्ही कोणीच त्यांच्याकडे गेलो नाही. मी त्यांच्या गल्लीतून सायकल घालायचं टाळायचे, सुपरमार्केटला जायला लांबचा रस्ता घ्यायचे. आणि मग यंदा कोणाच्या तरी लक्षात आलं की त्यांना नव्वद पूर्ण होतायत. लगेच ठरलं, सत्कार करू! शाल, श्रीफळ, मानपत्र, गौरव अंक. समितीच्या बैठकीत सगळे इतके उत्साहात होते की मला घाम फुटला. मी म्हटलं, "आधी कोणीतरी जाऊन त्यांना सांगायला नको का, त्या वेळी काय झालं ते?"

"आता कशाला ते उकरून काढायचं?" सुहासदादा म्हणाले. "सत्कार करतोय ना आपण? समजतील ते."

शालीचा हा उपयोग मला नव्याने कळला. पांघरली की खालचं काही दिसत नाही.

निमंत्रण पोस्टाने पाठवलं. उत्तर आलं नाही. दुसरं पाठवलं. तेही तसंच. तेव्हा सुहासदादांनी मला फोन केला, "मृणाल, तू त्यांच्या जवळची. जरा मेसेज टाकून बघ ना." आजोबांकडे मेसेज येणारा फोन नाही, हे जवळच्या माणसाला माहीत होतं. तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी दुपारी मी सायकल काढली आणि गेले.

दार त्यांनीच उघडलं. वाळले आहेत, पण ताठ. मला आत या म्हणाले नाहीत. मी उंबऱ्याबाहेर, ते आत. बारीक पाऊस होता. मी म्हटलं, "मी सांगायला आले आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही तुम्हाला काढलं. यादी मी लावली होती."

"कारण?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. तुमचं वय, मंडळाची जबाबदारी, लायसन्स असलेला तरुण ट्रेनर. ते मान हलवत ऐकत होते. मुलांना बोलू द्यायचे तसंच.

"ही समितीची कारणं झाली. तुमचं?"

पाऊस मानेवरून आत जात होता. मी म्हटलं, "तुम्ही इराला वगळलंत. मला राग आला होता. म्हणून मी गप्प बसले."

"इरा वळायला वेळ लावायची."

"हो."

"अजून लावते?"

"हो. आता हॉकी खेळते. तिथेही लावते."

ते किंचित हसल्यासारखे झाले. मग म्हणाले, "त्या सकाळी दाराआडून कॉफीचा वास येत होता."

"मी होते," मी म्हटलं.

"माहीत आहे. शनिवारी मशिनवर तुम्हीच असायच्या. मी थोडा थांबलो. वाटलं, याल बाहेर."

मी तिथेच, पावसात, दारात उभी राहून रडले. वय वर्षं त्रेचाळीस. त्यांनी खिशातून फडकं काढून दिलं नाही. त्यांनी देऊ नये हेच बरोबर होतं. रडून झाल्यावर मी विचारलं, "मला माफ कराल का?"

"ते अजून ठरवायचंय," ते म्हणाले. "नव्वदीत घाई करू नये." मग दार लोटता लोटता थांबले. "पण तुम्ही आलात. तो मॅनेजर आला नाही. त्याला जाऊनही आता चाळीस वर्षं झाली."

सत्काराचं काय, हे मी विचारलं, कारण तो निरोप घेऊन मला पाठवलं होतं. त्यांचं उत्तर मी इथे जसंच्या तसं देते, कारण ते समितीसाठी आहे. "सत्कार सकाळी अकरा वाजता आहे ना? मी दहाला येऊन कँटीनमध्ये बसेन. समोर एक खुर्ची रिकामी ठेवा. ज्याला काही सांगायचं असेल त्याने येऊन बसावं. एकेकाने. पाऊण तास लागेल, मला सवय आहे. त्यानंतर शाल घेईन की नाही ते बघू."

हा अंक निमंत्रणासोबत, सत्काराच्या आठवडाभर आधी सगळ्यांना जाणार आहे, म्हणून हे लिहून ठेवलं. त्या बैठकीत आम्ही सहा जण होतो. माझं सांगून झालं आहे. पाच उरतात. पाच जणांना एक तास पुरेसा आहे. त्या दिवशी मी मशिनवर असेन आणि काचेच्या दारावर एकही कागद नसेल, हे मी बघेन.

संपादकांना एक नम्र विनंती. हा लेख अंकात घ्यायचा नसेल तर जरूर वगळा, तो तुमचा अधिकार आहे. पण अंक आल्यावर अनुक्रमणिकेवरून बोट फिरवायची वेळ माझ्यावर आणू नका. मेसेजही नको. घरी या, माझ्यासमोर उभं राहा आणि कारण सांगा. चहा मी देईन.

आदरणीय नॉर्मनआजोबा, आपला गुडघा आपल्याला सायकलवर चढू देत राहो. चष्म्यातून रेषेचं दुसरं टोक स्पष्ट दिसो. आपल्याला शंभर वर्षं आयुष्य लाभो आणि ती शंभरही निरोगी जावोत. मला माफ करायचं की नाही, हे सावकाश ठरवण्याइतकी वर्षं आपल्या हाताशी असोत. मी वाट बघेन, आणि तोवर दर शनिवारी सकाळी साडेआठला आपलं मैदान आखून ठेवेन.